ताण कुठून जातो

सायकल उलटी करून दुरुस्तीला बसण्याआधी एक गोष्ट ठरवून घ्यावी: मोडलेल्या भागातून ताण कोणता जातो आणि कुठून जातो. हवेचा दाब, माणसाचं वजन, ओढ, घर्षण, सततची थरथर, विजेचा प्रवाह. यातलं काय तिथून वाहतं हे कळलं, की कोल्ड्रिंकच्या डब्याची पट्टी कुठे वर्षभर टिकेल आणि कुठे पहिल्याच उतारावर दगा देईल, हे आपलं आपल्याला सांगता येतं. जुगाडाचं आपल्याकडे फार कौतुक होतं. त्यात कौतुकाजोगं काही असेल तर ते ताणाचं हे भान आहे. ते नसलं तर उरतो तो नुसता धीटपणा, आणि दोन चाकांवर त्याची किंमत हाडांनी मोजावी लागते.

नाशिकमध्ये या भानाची गरज रोज पडते, कारण इथे एकाच रस्त्यावर तीन तऱ्हांच्या सायकली धावतात. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळीला जाणारी अठ्ठावीस इंची काळी सायकल, गंगापूर रोडवर पहाटे दिसणारी गिअरची सायकल आणि अलीकडची, चाकात मोटर बसवलेली ई-सायकल. २०१५ साली डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन या इथल्या भावांनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही अमेरिका आडवी पार करणारी सायकल शर्यत दोघांच्या गटात पूर्ण केली. आषाढीआधी इथून पंढरपूरला सायकल वारीही निघते. म्हणजे सायकल चालवणाऱ्यांची या शहरात वाण नाही. पण नाक्यावरचा पंक्चरवाला काळ्या सायकलीत मुरलेला असतो, मोठ्या दुकानातला पोरगा गिअरमध्ये, आणि ई-सायकल म्हटलं की दोघेही ‘कंपनीत दाखवा’ म्हणतात. मधली जागा घरच्या दुरुस्तीने भरून काढावी लागते.

सुरुवात पंक्चरपासून, कारण तिथे घरच्या हाताला सगळ्यात जास्त वाव आहे.

नाशिकचं पंक्चर पुष्कळदा काट्याचं असतं. कालव्याच्या कडेचे कच्चे रस्ते, मळ्यांच्या शिवारवाटा, नव्या प्लॉटिंगमधली मोकळी रानं, सगळीकडे वेडी बाभूळ आणि सराटा. सराट्याचं फळ जमिनीवर कसंही पडलं तरी एखादा काटा वर तोंड करूनच राहतो. पावसाळ्यात वेल पसरतो, फळं धरतात, आणि दिवाळीनंतर वाळलेली फळं टायरला चिकटू लागतात. टायरमध्ये घुसलेला सराटा रस्त्यात उपटू नये. तो स्वतःच भोक बऱ्यापैकी बुजवून धरतो, हवा हळूहळू जाते, घर गाठता येतं. उपटला की चाक तिथेच बसतं.

टायर काढताना स्क्रू ड्रायव्हर घातला की एका पंक्चरची दोन होतात. हवा पूर्ण सोडून टायरच्या दोन्ही कडा बोटांनी रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबून घेतल्या तर कड इतकी सैल होते, की दोन स्टीलच्या चमच्यांचे दांडेही पुरतात. एकच बाजू काढायची. ट्यूब बाहेर घेण्याआधी टायरवर व्हॉल्व्हसमोर खडूने खूण करायची, आणि ट्यूबची डावी-उजवी बाजू लक्षात ठेवायची. बरेच जण ही पायरी गाळतात, आणि तिसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा पंक्चर काढत बसतात. खूण असली तर ट्यूबवरचं भोक सापडताच ती टायरला लावून बघता येते आणि काट्याचं मोडकं टोक नेमकं कुठे दडलंय ते कळतं. टायरच्या आतून बोट फिरवू नये. कापसाचा बोळा किंवा जुन्या बनियनची चिंधी फिरवावी. धागा जिथे अडकेल तिथे टोक आहे. ते पक्कडीने बाहेरून ओढण्यापेक्षा बोथट दाभणाने बाहेरून आत ढकललं तर लवकर निघतं.

भोक कुठे आहे यावरून कारण वाचता येतं. रस्त्याच्या बाजूला एकच बारीक भोक असेल तर काटा किंवा तार. शेजारी शेजारी दोन चिरा असतील तर हवा कमी होती, खड्ड्याच्या कडेला ट्यूब रिम आणि टायरमध्ये चेंगरली. अशा वेळी काटा शोधत बसू नये, हवा वाढवावी. आतल्या, म्हणजे रिमच्या बाजूला भोक असेल तर स्पोकचं टोक निपलमधून, म्हणजे रिममधल्या त्याच्या बारीक नटातून, वर आलंय किंवा रिमवरची पट्टी सरकलीय. टोक कानशीने घासून सपाट करायचं आणि जुन्या ट्यूबची दोन बोटं रुंद पट्टी कापून रिमवर ताणून बसवायची. इन्सुलेशन टेपचे वेढे दिले तर उन्हाळ्यात त्याचा डिंक पातळ होतो, टेप सरकतो आणि स्पोकची भोकं पुन्हा उघडी पडतात. व्हॉल्व्हच्या बुडाशी ट्यूब फाटली असेल, तर कमी हवेवर चालवल्याने टायर आणि ट्यूब रिमवर सरकत गेलेत. तिथे ठिगळ टिकत नाही, ट्यूब बदलावी.

ठिगळ लावताना घाई नडते. भोकाभोवतीचा भाग पॉलिश पेपरने घासायचा तो चमक जाईपर्यंत, आणि ठिगळापेक्षा सगळीकडून अर्धा सेंटिमीटर जास्त. ट्यूबवर कारखान्याची शिवण उठून दिसत असेल आणि ठिगळ तिच्यावर येणार असेल तर ती घासून सपाट करायची, नाहीतर हवा त्या रेघेतून वाट काढते. सोल्युशनचा थर पातळ हवा. मग थांबायचं, साधारण पाच मिनिटं, एप्रिल-मेच्या उन्हात तीनही पुरतात. बोटाची मागची बाजू लावून बघावी. ओलं न लागता नुसतं चिकट लागलं पाहिजे. सोल्युशन ओलं असतानाच ठिगळ दाबलं तर त्यातलं द्रव्य खाली कोंडतं आणि चाक तापल्यावर ठिगळाची कड उचलते. दाबायला बत्त्याची गोल बाजू छान, मधून कडेकडे घासत न्यायची. वर टाल्कम पावडर भुरभुरावी म्हणजे उरलेलं सोल्युशन टायरला चिकटत नाही.

तयार ठिगळ नसेल तर जुन्या ट्यूबचा तुकडा चालतो. तोही ट्यूबसारखाच घासायचा, सोल्युशन ट्यूबला आणि तुकड्याला दोन्हींना लावायचं आणि कोपरे गोल कापायचे, कारण उचलायला सुरुवात कोपऱ्यातून होते. फेव्हिक्विकने मात्र ट्यूब चिकटवू नये. तो वाळून काचेसारखा कडक होतो, ट्यूब दर फेऱ्याला चेपते आणि फुगते, आणि थर तडकतो. चपलेचा पट्टा जोडणाऱ्या गोष्टीने हवेचा दाब धरला जात नाही.

काळ्या सायकलीच्या जुन्या व्हॉल्व्हमध्ये रबराची बारीक नळी असते, वालट्यूब. चाक रोज थोडंथोडं बसतं आणि पाण्यात ट्यूबचा बुडबुडा दिसत नाही, तेव्हा बहुधा ही नळी उन्हाने चिरलेली असते. नवी नळी दांडीवर चढवताना थुंकी किंवा पाणी लावायचं. तेल लावलं तर रबर फुगतं आणि आठवड्याभरात लोळागोळा होतो.

वाटेत ठिगळही नाही आणि सोल्युशनही वाळलंय, अशा वेळी ट्यूब भोकाच्या जागी दुमडून तिची घट्ट गाठ मारता येते. ट्यूब आखूड होते, ताणून बसवावी लागते, गाठीच्या जागी चाक दर फेऱ्याला उडी मारतं. पण हवा राहते आणि मखमलाबादहून पंचवटीपर्यंत येता येतं. ट्यूब पार फाटली असेल तर टायरमध्ये वाळलं गवत किंवा गोणपाटाच्या चिंध्या ठासून भरायच्या, इतक्या की अंगठ्याने टायर दबू नये. चालण्याच्या वेगाने जायचं. यात वाचते ती रिम, आणि तेवढ्यासाठीच हा खटाटोप.

टायर चिरला तर गोष्ट वेगळी. पन्नास पीएसआय हवा म्हणजे ट्यूबच्या दर चौरस सेंटिमीटरवर साडेतीन किलोचा दाब. दोन सेंटिमीटरची चीर असेल तर ट्यूब तिच्यातून फुगा होऊन बाहेर येते आणि फुटते. इथे हवा धरायची नाही, ओढ धरायची आहे. म्हणून रबराचा तुकडा कुचकामी, न ताणणारं काहीतरी हवं. रिकाम्या टूथपेस्टच्या नळीचा धुतलेला तुकडा, ज्यूसच्या खोक्याचा जाड पुठ्ठा, सगळ्यात उत्तम म्हणजे जुन्या टायरच्या बाजूचा पातळ कापडी भाग. चिरेपेक्षा दोन्हीकडून दोन-दोन सेंटिमीटर मोठा, कडा गोल आणि घासून पातळ केलेल्या. ट्यूब आणि टायरच्या मध्ये ठेवायचा, हवा नेहमीपेक्षा थोडी कमी भरायची. असा टायर काही दिवस चालवायचाच असेल तर तो मागच्या चाकाला घालावा. मागचं चाक फुटलं तर सायकल डगमगते, पुढचं फुटलं तर हँडल हातात राहत नाही.

काही जागी ताण फारसा नसतो, नुसतं धरून ठेवायचं असतं, आणि तिथे नाशिकच्या शिवारात साहित्याची चंगळ आहे. द्राक्षाच्या मांडवाची उरलेली जीआय तार मडगार्डच्या दांड्यांना, कॅरिअरच्या निसटलेल्या बोल्टच्या जागी बेष्ट चालते. फक्त तारेखाली जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळावी, नाहीतर थरथरीने तार रंग खाते, मग पत्रा खाते, आणि पिळाच्या जागी स्वतः तुटते. पीळ दोन-तीनच द्यावेत. जास्त पिळलेली तार आधीच अर्धी मेलेली असते. ठिबकची सोळा एमएमची नळी उभी चिरली की साखळीकडच्या दांडीवर बसते आणि साखळीचे फटके अंगावर घेते. ई-सायकलच्या वायरी दांडीवरून न्यायलाही तीच.

सीटचा दांडा खाली घसरत असेल तर कोल्ड्रिंकच्या डब्याची पट्टी कापून त्याभोवती एक वेढा द्यायचा. या पत्र्याची जाडी साधारण एक दशांश मिलिमीटर, म्हणजे ढिलेपणा भरून काढायला अगदी नेमकी. एक वेढा पुरत नसेल तर दांडाच चुकीच्या मापाचा आहे. दुसरा, तिसरा वेढा देत बसू नये, सीटखालची नळी चिरेल.

स्पोक तुटण्याचं कारण बहुतेकांना उलटं वाटतं. जास्त ताण पडून स्पोक क्वचितच तुटतो. तो सैल असल्यामुळे तुटतो. चाक फिरताना खाली येणारा प्रत्येक स्पोक क्षणभर सैलावतो, वर गेला की ताणतो. आधीच सैल असेल तर हा झोका मोठा होतो आणि हबजवळच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याजवळच्या, वाकणात धातू थकतो. काळ्या सायकलीला पुढे ३२ आणि मागे ४० स्पोक असतात, म्हणून तिचा एक तुटला तर कुणाच्या लक्षातही येत नाही. गिअरच्या सायकलीला बहुधा ३२ किंवा ३६, आणि मागच्या चाकाच्या उजव्या बाजूचे फार ताणलेले. तिथला एक गेला की चाक लगेच ब्रेकला घासू लागतं.

तुटलेला तुकडा शेजारच्या स्पोकला गुंडाळून टाकायचा. रिमवर त्याच्या लगतचे दोन स्पोक हबच्या विरुद्ध बाजूला गेलेले असतात. तेच रिमला आपल्याकडे ओढतायत. ते दोन्ही अर्धा-अर्धा फेरा सैल करायचे. चाक घर गाठण्याइतकं सरळ होतं. नवा स्पोक टाकल्यावर आउट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढायला स्टँड लागत नाही. सायकल उलटी करून फ्रेमच्या दांडीला एक केबल टाय आवळायचा, त्याचं टोक रिमच्या जेमतेम एक मिलिमीटर अलीकडे येईल असं कापायचं आणि चाक सावकाश फिरवायचं. टोक जिथे घासेल तिथला फुगवटा. त्या जागी त्याच बाजूचा स्पोक पाव फेरा सैल, विरुद्ध बाजूचा पाव फेरा घट्ट. पाव फेऱ्याहून जास्त एका वेळी कधीच नाही. निपल कुठल्या दिशेने आवळतो यात हमखास गोंधळ होतो: टायरच्या बाजूने बघितलं तर घड्याळाच्या दिशेने आवळतो, हबच्या बाजूने बघितलं तर उलट.

साखळीचं माप साधी फूटपट्टी सांगते. एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवलं तर नव्या साखळीची चोविसावी पिन बरोबर बारा इंचांवर येते. ती दीड मिलिमीटर पुढे गेली असेल तर साखळी बदलावी, तीन मिलिमीटर गेली असेल तर फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या दातेरी चकतीचेही, दात गेले. नुसती साखळी बदलली तर ती जुन्या दातांवरून घसरत राहील. काळ्या सायकलीच्या साखळीला जोडकडीची क्लिप असते. तिचं बंद टोक साखळी ज्या दिशेला धावते त्या दिशेला हवं. उलटी बसली तर एखाद्या काडीला अडकून क्लिप उडते. इंजिनाचं जुनं काळं तेल साखळीला घालायची सवय सोडायला हवी. त्यात धातूचा कीस असतो, आणि आपल्याकडची काळ्या मातीची धूळ त्यात मिसळली की घासण्याची पेस्ट तयार होते. डिझेलने धुवून, पूर्ण वाळवून, दर रोलरवर आतल्या बाजूने एक थेंब तेल, पाच मिनिटांनी वरचं सगळं पुसून. शिलाई मशीनचं तेल उन्हाळ्यात चालतं, पावसात दोन दिवसांत धुऊन जातं.

गिअरची मागची यंत्रणा दगडावर आपटून मोडली, तर साखळी तोडून आखूड करायची आणि मधल्या एकाच चकतीवर थेट बसवायची. एका गिअरवर सोमेश्वरचा चढही चढता येतो. ती यंत्रणा ज्या पट्टीला टांगलेली असते ती मुद्दाम मऊ ॲल्युमिनियमची केलेली असते, फ्रेम वाचावी म्हणून. ती एकदा हाताने सरळ करता येते, दुसऱ्यांदा वाकवली की तुटते.

हबमधले छर्रे बदलताना सगळे एकदम बदलावेत. जुन्यांत एक नवा टाकला तर तो किंचित मोठा असतो आणि सगळं वजन एकटा उचलून, छर्रे ज्यावर फिरतात त्या निमुळत्या नटाला, म्हणजे कोनला, खड्डे पाडतो. काळ्या सायकलीच्या पुढच्या हबला दर बाजूस तीन षोडशांश इंचाचे दहा, मागच्याला पाव इंची नऊ. डावं पेडल उलट्या आट्याचं असतं, हे विसरून किती जणांनी क्रँक, म्हणजे पेडलचे दांडे, वाया घालवलेत.

आता ब्रेक. इथे तात्पुरतं काही नाही. ब्रेकच्या वायरची एक जरी तार सुटलेली दिसली तरी वायर बदलायची, गाठ मारायची नाही, कनेक्टरच्या स्क्रूत आवळून चालवायची नाही. बाहेरच्या नळीतही फरक आहे आणि तो दुकानातही पुष्कळदा पाळला जात नाही. ब्रेकच्या नळीत पोलादी पट्टी स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते, गिअरच्या नळीत बारीक तारा उभ्या असतात. दिसायला दोन्ही काळ्या आणि सारख्या. गिअरची नळी ब्रेकला लावली आणि नांदुरीच्या घाटात सप्तशृंग गडावरून उतरताना जोरात ब्रेक दाबला, तर त्या उभ्या तारा नळी फोडून बाहेर येतात आणि लिव्हर हँडलला टेकतो. वायरची नळी विकत घेताना कापलेलं टोक बघावं.

घरी करण्यासारखं एवढंच: ब्रेकचं रबर चमकदार होऊन घसरत असेल तर रिम आणि रबराच्या मध्ये पॉलिश पेपर धरून लिव्हर हलका दाबायचा आणि पेपर ओढायचा. रबरात रुतलेले ॲल्युमिनियमचे कण सुईने काढायचे, नाहीतर तेच रिम खरवडतात. डिस्क ब्रेकच्या पॅडला तेल लागलं असेल तर गॅसवर भाजून ते निघतं असं सांगणारे भेटतात. वरचं जळतं, आत मुरलेलं राहतं आणि घाटात पॅड तापला की पुन्हा वर येतं. डिस्क स्पिरिटने पुसावी, पॅड फेकून द्यावेत.

फ्रेमला तडा गेला तर आधी धातू बघावा, चुंबक लावून. जुन्या पोलादी फ्रेमचे सांधे पितळ वितळवून भरलेले असतात, आणि दुरुस्तीही तशीच व्हावी. गेट-ग्रिलवाल्याच्या आर्क वेल्डिंगने पातळ नळीला भोक पडतं किंवा वेल्डच्या शेजारची जागा ठिसूळ होते आणि पुढचा तडा बरोबर तिथेच जातो. अंबड-सातपूरच्या छोट्या वर्कशॉपमध्ये गॅसवर पितळ भरणारा कारागीर शोधला तर सापडतो. ॲल्युमिनियमच्या फ्रेमला ती सोय नाही. कारखान्यात उष्णता देऊन तिला कणखर केलेलं असतं, वेल्डिंगने ते त्या जागी निघून जातं. आणि फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, कुठल्याही धातूचा असो, तडा दिसला की भंगारात.

ई-सायकलकडे वळताना कायदा ठाऊक असावा. २५० वॉटपेक्षा कमी ताकदीची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेग असेल तर आपल्याकडे ती मोटार वाहन धरली जात नाही. नंबरप्लेट नको, लायसन्स नको. कंट्रोलरमधली, म्हणजे मोटरला वीज मोजून देणाऱ्या पेटीतली, वेगमर्यादेची वायर तोडून देणारे लोक आहेत. ती तोडली की ही सूट संपते, आणि ब्रेक तर २५ च्याच हिशेबाचे राहतात.

सायकल चालू होत नसेल तर घरातला डिजिटल मल्टिमीटर पुरेसा आहे. ३६ व्होल्टची लिथियम आयन बॅटरी म्हणजे दहा सेल ओळीत, पूर्ण भरली की ४२ व्होल्ट दाखवते. ४८ व्होल्टच्या बॅटरीत बहुधा तेरा, पूर्ण भरल्यावर ५४.६. सेलमागे तीन व्होल्टच्या आसपास आली की बॅटरी स्वतः पुरवठा तोडते. ३६ च्या बॅटरीवर ४० व्होल्ट दिसतायत आणि तरीही सगळं मेलेलं, तर दोष पुढे आहे. अशा वेळी आधी ब्रेकच्या लिव्हरची वायर बघावी. लिव्हर दाबला की मोटर बंद व्हावी म्हणून त्यात एक छोटा स्विच असतो. पावसाचं पाणी आणि धूळ जाऊन तो दाबलेलाच अडकतो आणि कंट्रोलरला वाटतं की ब्रेक लागलेला आहे. दोन्ही लिव्हरचे प्लग सोडून बघायचे. मोटर फिरली तर दोष सापडला. स्विच साफ करून प्लग पुन्हा लावायचे; ते सोडून चालवणं म्हणजे एका हाताने ब्रेक आणि दुसऱ्याने जोर.

पेडल मारल्यावर मदत मिळत नसेल पण थ्रॉटलने मोटर फिरत असेल, तर क्रँकजवळची चुंबकांची चकती बघावी. तिच्यात आणि सेन्सरमध्ये दोन-तीन मिलिमीटरचंच अंतर हवं; चिखल भरला किंवा चकती सरकली की सेन्सरला पेडल कळत नाही. मोटर थरथरते, गुरगुरते पण फिरत नाही, तेव्हा तिच्या तीन जाड वायरींपैकी एकीचा जोड गेलेला असतो किंवा मोटरचं फिरणं ओळखणारा आतला हॉल सेन्सर. बॅटरी काढून मोटरचा प्लग सोडायचा, जाड वायरी दोन-दोन करून एकमेकींना टेकवायच्या आणि दर वेळी चाक हाताने उलटं फिरवायचं. तिन्ही जोड्यांना चाक सारखंच जड लागलं तर मोटरची गुंडाळी ठीक. दोन जोड्या हलक्या लागल्या तर त्या दोन्हींत असलेली वायर तुटलीय, बहुधा एक्सलमधून, म्हणजे चाकाच्या आसातून, बाहेर येते तिथेच.

ती तिथेच का तुटते, हे महत्त्वाचं आहे. साध्या चाकाचा एक्सल फिरत नाही, त्याला फिरायचं कारणच नसतं. हबमधली मोटर मात्र चाकाला पुढे ढकलते तेव्हा तितक्याच जोराने एक्सलला मागे पिळते. तो पीळ फ्रेमच्या खाचेच्या दोन पातळ कडा सोसतात. नट थोडा सैल झाला की एक्सल खाचेत मागे-पुढे करतो, खाच रुंद होते, आणि एके दिवशी एक्सल पूर्ण गोल फिरून वायरी पिळून तोडतो. यावरचा घरगुती इलाज फार चांगला आहे. या मोटरींच्या एक्सलचा व्यास बहुधा १२ मिलिमीटर आणि सपाट बाजूंमधलं अंतर १० असतं, म्हणजे १० नंबरचा पाना त्यावर घट्ट बसतो. चांगल्या पोलादाचा पाना घ्यायचा, त्याचं तोंड एक्सलच्या सपाट बाजूंवर, दांडा फ्रेमच्या नळीला समांतर, आणि दोन पोलादी होज क्लॅम्पनी आवळलेला. क्लॅम्पखाली ट्यूबचं रबर घालू नये, इथे लवचिकपणा नको आहे. पाना किंचितही हलत असेल तर तो काही कामाचा नाही. पुढच्या चाकात मोटर आणि फोर्क ॲल्युमिनियमचा, अशी जोडणी पान्यानेही सुरक्षित होत नाही. ॲल्युमिनियमची खाच वाकत नाही, एकदम तुटते.

नाशिकचा पाऊस त्र्यंबकच्या बाजूला वाढत जातो आणि ई-सायकलची बहुतेक दुखणी जुलैत सुरू होतात. वायर एक्सलमध्ये शिरण्याआधी खाली लोंबतं वळण घेऊन मग वर यायला हवी, म्हणजे पाणी वळणाच्या तळाशी ठिबकतं, मोटरमध्ये जात नाही. कंट्रोलरची पेटी सिलिकॉनने चारही बाजूंनी बंद करू नये. आत ओल राहतेच, आणि तिला वाट नसली तर ती सर्किटवर जमते. वरून आणि बाजूंनी बंद, खाली एक बारीक भोक. प्लगच्या पितळी पिना हिरव्या पडल्या असतील तर स्पिरिट आणि टूथब्रशने घासून, वाळवून, सिलिकॉन ग्रीस लावायचं. ते नसेल तर व्हॅसलिनचा पातळ हात. पीळ देऊन टेप गुंडाळलेला जोड इथे चालत नाही. २५० वॉटला ३६ व्होल्टवर सात अँपिअर लागतात, चढावर त्याच्या दुप्पट. सैल पीळ तापतो, टेप वितळतो. कथिलाने डाग देऊन वर हीट श्रिंक नळी, आणि वायर जिथे वाकते त्या जागेपासून जोड दूर.

बॅटरीला हात लावायचा तो बाहेरूनच. एप्रिल २०२२ मध्ये नाशिकच्याच पाथर्डी फाट्याजवळ इलेक्ट्रिक स्कूटर घेऊन निघालेल्या कंटेनरला आग लागली आणि वीस स्कूटर जळाल्या. गाड्या चालू नव्हत्या, नुसत्या नेल्या जात होत्या. लिथियम सेल पेटला की शेजारच्याला तापवतो आणि आग आतल्या आत पुढे सरकते, तिला बाहेरच्या ठिणगीची गरज उरत नाही. म्हणून सेलवर थेट डाग देणं, पुरवठा तोडणारं सर्किट वगळून वायर जोडणं, फुगलेला पॅक दाबून पुन्हा पेटीत बसवणं, यातलं काहीही घरी करू नये. फ्यूज उडाला तर त्याच अँपिअरचा घालावा. घरच्या किटकॅट फ्यूजमध्ये जाड तार घालायची सवय असलेल्या हातांना हे मुद्दाम सांगावं लागतं. चार्जरच्या लेबलवर ४२ लिहिलंय की ५४.६, ते दर वेळी वाचावं; पिना दोन्हींच्या सारख्याच असतात. लेड ॲसिडचा चार्जर लिथियमला लावू नये.

उन्हातून आल्या आल्या चार्जिंग नको, पेटी हाताला कोमट लागेनाशी झाली की मग. गावाला जाणार असाल तर ३६ व्होल्टची बॅटरी ३७-३८ व्होल्टवर ठेवून जावं, पूर्ण भरूनही नाही आणि रिकामीही नाही. सोसायटीत जिन्याखालच्या प्लगवर चार्जिंग लावण्याची पद्धत पडली आहे, ती मोडायला हवी. जिना ही आगीत बाहेर पडायची एकच वाट असते. पार्किंगची उघडी भिंत, आजूबाजूला पुठ्ठा-गोणपाट नाही, आणि माणूस जागा असतानाची वेळ.

मेलेली किंवा फुगलेली बॅटरी भंगारवाल्याला विकू नये, तो ती हातोडीने फोडतो. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, त्यामुळे विक्रेत्याकडे ती बिनदिक्कत मागायची. तोवर तिच्या दोन्ही टोकांवर वेगवेगळा इन्सुलेशन टेप चिकटवायचा, तळाला वाळू घातलेल्या घमेल्यात ती ठेवायची, आणि घमेलं घराबाहेर, उन्हापावसापासून आडोशाला.